कुणाच्या नावानं

मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. गणिताच्या सरांचा तास बुडाला तर पालक भांडायला येतात. माझा नागरिकशास्त्राचा तास बुडाला तर मुलं मैदानाकडे पळतात आणि मुख्याध्यापकांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. तरी मी नेमानं शिकवत आलो. दरवर्षी कार्यकारी मंडळाचा धडा आला की फळ्यावर एक शिडी काढायची. सगळ्यात वर राष्ट्रपती, खाली पंतप्रधान, मंत्रिमंडळ, सचिव, मग राज्य, राज्यपाल, मुख्यमंत्री, मग जिल्हाधिकारी. जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोचेतो फळा संपतो. त्याखाली डस्टर ठेवायची फळी असते, म्हणून त्याखालची सरकारी माणसं मी कधी काढलीच नाहीत.

त्या फळीखालची माणसं माझ्या घरात येऊन बसतील असं वाटलं नव्हतं. आमच्या गावचं पोलीस पाटलाचं पद महिलेसाठी राखीव झालं आणि बायकोनं अर्ज भरला. तिची दहावी झालेली, गावातल्या प्रत्येक चुलीवर काय शिजतंय ते तिला ठाऊक, आणि भांडण सोडवायला तिला बोलावण्याची लोकांना आधीपासूनच सवय. लेखी परीक्षा कर्जतला होती. सामान्य ज्ञानाची तयारी करून घेण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

ती भाकरी थापायची आणि मी समोर पाटावर बसून धडा वाचायचो. "देशाची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी असते. सर्व कारभार त्यांच्या नावाने चालतो."

"आणि चालवतं कोन?"

"पंतप्रधान आणि त्यांचं मंत्रिमंडळ. राष्ट्रपती त्यांच्या सल्ल्यानं वागतात."

तिनं भाकरी उलटली. "म्हंजे आपल्या लग्नपत्रिकेवानी. निमंत्रक म्हनून थोरल्या काकांचं नाव वरती, मोठ्या अक्षरात. काकांना हॉल कुठला ते पन ठावं नव्हतं. सगळं ठरवलं धाकट्या काकांनी."

मी इतकी वर्षं शिकवतोय, पण यापेक्षा बरं उदाहरण मला सुचलेलं नाही. पुढच्या वर्षापासून ते मी वर्गात माझं म्हणून वापरू लागलो. सामूहिक जबाबदारी म्हणजे काय, हेही मी तिला समजावलं: एका मंत्र्याचा निर्णय हा सगळ्या मंत्रिमंडळाचा निर्णय मानला जातो. तेव्हा तिचं म्हणणं पडलं की पंगतीत मीठ जास्त पडलं की आमच्याकडेही असंच होतं, सगळ्यांनी मिळून घातलेलं असतं. ते मात्र मी वर्गात वापरलं नाही.

ती पास झाली. प्रांतसाहेबांच्या सहीचा नेमणुकीचा कागद आला. ग्रामपंचायतीत सत्कार झाला तेव्हा सरपंचांनी शाल आणि नारळ माझ्या हातात दिला, कारण त्यांच्या मनात पाटील हा शब्द आला की समोर पुरुष दिसतो. ती शेजारी उभी राहून हसत होती. घरी आल्यावर शाल तिनं काढून घेतली आणि नारळ खवून साटोऱ्या केल्या. गावातले काही म्हातारे अजूनही मलाच 'पाटील' म्हणून रामराम घालतात आणि मीही घेतो.

पोलीस पाटलाचे अधिकार किती, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं की त्याला कळवण्याचा अधिकार असतो. गावात अनोळखी माणूस आला, कळवा. साथ आली, कळवा. भांडण झालं, कुणी बुडालं, कुणी झाडावरून पडलं, कळवा. वरून आलेलं खाली कळवा आणि खालचं वर कळवा. एकदा तिनं मला विचारलं, "माज्या वर ही एवढी सगळी. माज्या खाली कोन?" मी म्हटलं, तुझ्या खाली जनता. ती म्हणाली, "म्हंजे वाडीवरची म्हातारी."

ती वाडी आमच्याच गावच्या हद्दीत येते. डांबरी संपते तिथून पायवाटेनं चढत गेलं की कड्याच्या खाली ठाकर आदिवासींची घरं लागतात. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरई, रानातून करटोली-शेवळं अशा भाज्या, आणि जवान पोरं मोहोपाड्याला कारखान्यांत रोजंदारीवर. घरं कुणाच्या जमिनीवर आहेत, हा प्रश्न विचारला की एकेक खातं वेगवेगळं उत्तर देतं. वाडीचं उत्तर मात्र एकच असतं, आजोबाच्या आजोबापासून आम्ही हितंच हाय.

त्या वर्षी आषाढात पाऊस बसला तो उठायलाच तयार नव्हता. कड्याच्या माथ्यावर भेग पडल्याचं वाडीतल्याच पोरांनी पाहिलं होतं. बायकोनं ते वर कळवलं होतं. मग वरून संदेश सुटला. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा दिल्लीचा, इशारा हवामान खात्याचा, मुंबईहून तो अलिबागला, अलिबागहून तालुक्याला आणि तालुक्याहून बायकोच्या मोबाईलवर. प्रत्येक मुक्कामावर त्याला एकेक ओळ चिकटली होती: 'तात्काळ उचित कार्यवाही करावी व तसा अहवाल सादर करावा.' देशाची सगळी कार्यकारी सत्ता अशी एकमेकांना कोपरानं ढकलत आमच्या ओटीवर येऊन पोचली आणि तिथं तिला पुढं ढकलायला कुणी उरलं नाही. बायकोनं मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, पावसाची खोळ डोक्यावर घेतली आणि वाट धरली. शाळांना सुट्टी जाहीर झाली होती, नेहमीप्रमाणे मुलं शाळेत येऊन बसल्यावर. त्यांना घरी पाठवून मीही तिच्या मागून निघालो.

वाडीवर माणसं दारात बसून पाऊस बघत होती. बायकोनं सांगितलं, सगळ्यांनी आज खाली शाळेत यायचं आहे, वरून हुकूम आहे. कुणी नाही म्हटलं नाही आणि कुणी उठलंही नाही. वाडीत सगळ्यांत मोठी एक म्हातारी होती. तिचं माहेर-सासर दोन्ही याच डोंगरावर. ती कोंबड्यांना आत घेता घेता म्हणाली, "उतरवायचा हुकूम हाय ना गं बाय? मग चढवायचा पन दाखव."

"म्हंजे?"

"आमी उतरलो नि घरं पडली रिकामी. मग म्हनतील, हितं कोन राहतच नाय. मागं एका पाड्यावर तसंच झालं. आमाला डोंगर मारील तवा मारील. घर गेलं तर आजच मेलो."

माझ्या शिडीवर या प्रश्नाला जागा नव्हती. बायकोनं पिशवीतूनच मोबाईल कानाला लावला. तलाठ्यांचं पदनाम नुकतंच बदलून मोठं झालं होतं. ते म्हणाले, हे माझ्या अखत्यारीत नाही, वर विचारा. वरचे म्हणाले, स्थलांतर आमचं, जमीन दुसऱ्या खात्याची. दुसरं खातं म्हणालं, लेखी विचारणा करा, लेखी उत्तर देऊ. बायको प्रत्येकाला एकच विचारत होती: "पाऊस उघडल्यावर ही मानसं परत आपापल्या घरात जातील, एवढं सांगा फक्त." सगळे नीट बोलत होते, कुणी अरेरावी केली नाही. फक्त ते एक वाक्य कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. सामूहिक जबाबदारी मी पुस्तकातून शिकवली होती. प्रत्यक्षात ती पहिल्यांदा ऐकली ती त्या फोनवर.

दुपारी एक अधिकारी स्वतः आले. तरुण होते, स्पर्धा परीक्षा देऊन आलेले, दोन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार अंगावर. जीप डांबरीवर सोडून चिखलातून चढत आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी हात जोडून सगळ्यांना समजावलं. जीव महत्त्वाचा, शासन तुमच्या पाठीशी आहे, वगैरे. मग वाडीचा भगत उठला. वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस.

"उतरतो," तो म्हणाला. "पन घर सोडायचं तर वाघदेवाला राखन दिली पायजेल. आमी नाय तवर त्यानं वाडी राखायची. आनि गाऱ्हानं आमी नाय घालनार. जो उठवतो त्यानं घालायचं. तशीच रीत हाय."

रीत खरीच होती. घर, शेत, खळं सोडून जायची वेळ आली की देवाच्या हवाली करायचं, आणि ज्याच्या सांगण्यावरून सोडायचं त्यानंच देवाला शब्द द्यायचा की ही माणसं परत येणार आहेत. परतीचा शब्द पाळला गेला नाही तर देव त्याला बघून घेतो. सगळी मंडळी ऐनाच्या झाडाखालच्या शेंदरी दगडापाशी आली. कोंबडा आला, नारळ आला. अधिकाऱ्यांनी रेनकोटची टोपी मागं केली आणि सभ्यपणे पुढं झाले.

"काय म्हणायचं?"

"नाव सांगा. कुनाच्या नावानं उठवता ते."

"शासनाच्या नावाने."

"शासन कोन? कुनाचा लेक? गाव कोनता?"

 अधिकाऱ्यांनी शाळेत माझ्यासारख्याच कुणाकडून धडा वाचला असणार. "म्हणजे तसं पाहिलं तर राज्यपालांच्या आदेशानुसार आणि त्यांच्या नावाने," ते म्हणाले.

"ते येतील का हितं?"

"नाही."

"मग तुमचं सांगा."

ते एक पाऊल मागं सरले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी रोज शेकडो कागदांवर सही केली असेल, पण 'करिता' या शब्दाखाली. सही त्यांची, हुकूम दुसऱ्याचा. उद्या त्यांची बदली झाली की खुर्चीत दुसरा येईल आणि कागद तसाच चालू राहील, हीच तर या व्यवस्थेची ताकद आहे असं मी मुलांना सांगतो. देवासमोर बदली होत नाही, ही अडचण होती. ते म्हणाले, "मी व्यक्तिशः असं कसं सांगू? परतीचा निर्णय सक्षम प्राधिकारी घेतील." भगतानं कोंबडा काखेत धरला आणि खाली बसला. वरून पाण्याचा एक लोट दगड घेऊन नाल्यात उतरला. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

तेव्हा माझी बायको पुढं झाली. तिनं डोक्यावरची खोळ काढली आणि आपलं नाव सांगितलं. मग बापाचं नाव, माहेरचं गाव, सासऱ्याचं नाव, आमचं गाव. "माज्या नावानं उतरवते," ती म्हणाली. "माज्या नावानं परत आनून सोडीन. तवर वाडी तुज्या हवाली, देवा."

मला वाटलं, हिला हात धरून मागं ओढावं. एवढा मोठा शब्द कुणाच्या जोरावर देतेस, असं विचारावं. पण भगतानं नारळ फोडला होता आणि माणसं गाठोडी बांधायला वळली होती. म्हातारी सगळ्यांत पुढं उतरली, दोन्ही काखांत कोंबड्या. अधिकाऱ्यांनी खाली आल्यावर अहवाल पाठवला: 'शासनाच्या आदेशानुसार स्थलांतर शांततेत पार पडले.'

वाडी माझ्या शाळेत राहिली. माझ्या वर्गात चार कुटुंबं होती आणि फळ्यावर शिडी तशीच होती. तिच्या मंत्रिमंडळाच्या पायरीपाशी खिळा होता, त्याला कुणीतरी मिरच्यांची पिशवी अडकवली. पुढारी आले, बिस्किटांचे पुडे वाटले, फोटो झाले. भूगर्भशास्त्राचे एक तज्ज्ञ आले, भेग पाहून आले, बायकोला म्हणाले की सध्या धोका दिसत नाही, तरी जोराच्या पावसात सावध राहा. त्यांनी तसा अहवाल वर पाठवला आणि तो वर गेला तो गेलाच.

दरड कोसळली नाही. पाऊस ओसरला, ऊन पडू लागलं, आणि डोंगर काही झालंच नाही अशा तोऱ्यात उभा राहिला. आता खरी पंचाईत झाली. उतरवण्याचा आदेश पाच मुक्काम करत आला होता. परत जाण्याचा आदेश निघाला तरी होता की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बायको रोज फोन करायची. विषय विचाराधीन आहे. साहेब प्रशिक्षणाला गेलेत. अहवालाची प्रतीक्षा आहे. वर वाडीत नाचणीचं रोप लावणीला आलं होतं आणि पिवळं पडू लागलं होतं. रोप जून झालं की वर्ष गेलं. शिवाय पायवाटेच्या तोंडाशी एक नवाच फलक उभा राहिला: 'धोकादायक क्षेत्र. विनापरवाना प्रवेश निषिद्ध.' तो कुणी लावला ते एकही खातं सांगेना. इकडच्या कोंडाण्याच्या लेण्यांपाशीसुद्धा नियमांचा फलक आहे, पण त्यावर निदान कुणाचा आहे ते लिहिलेलं आहे.

एका सकाळी म्हातारी आमच्या ओटीवर येऊन बसली. चहा दिला तो प्याली. भांडण नाही, तक्रार नाही. बशी खाली ठेवून म्हणाली, "तुज्या नावानं उतरलो गं बाय. आता तुज्या नावानं चढव."

बायको आत आली. तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, थोडं थांब, लेखी येऊ दे. आदेशाशिवाय नेलंस आणि काही झालं तर? ती म्हणाली, "तेच तर. काही झालं तर माजंच नाव हाय." मग चुलीपाशी बसून विझलेली लाकडं पुढं सारत राहिली. तिला भीती वाटत होती आणि ती ते लपवत नव्हती. आदेश काढणाऱ्या कुणालाच ही भीती वाटली नसेल, कारण त्यांचा आदेश दुसऱ्याच्या नावानं होता.

शेवटी ती बाहेर गेली आणि म्हातारीला म्हणाली, "नेते. पन एक कबूल करायचं. पाऊस वाढला आनि मी खालून हाक मारली, तर हुकूम कुठाय, कागद कुठाय, काय विचारायचं नाय. तसंच उतरायचं." म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला.

वाडी गाठोडी घेऊन निघाली, बायको पुढं. फलकापाशी एक राखणीवरचा माणूस उभा होता, ओळखीतलाच. "पाटीलबाई, कुणाच्या आदेशानं?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "माज्या." तो बाजूला झाला आणि मोबाईलवर बोलू लागला, कारण कळवणं हे त्याचंही कर्तव्य होतं. संध्याकाळी आमच्या ओटीवरून पाहिलं तर वाडीच्या जागी चुलींचा धूर दिसत होता.

मग नोटीस आली. कारणे दाखवा. आपण कोणत्या अधिकारात सदर कुटुंबांना प्रतिबंधित क्षेत्रात नेले, याचा खुलासा करावा. सगळ्या पायऱ्यांवरून उतरत आलेल्या त्या सरकारी भाषेत, या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच, एका माणसाचं संपूर्ण नाव होतं, आणि ते माझ्या बायकोचं होतं. खुलासा लिहायचं काम नागरिकशास्त्राच्या मास्तरांकडे आलं. मी पुस्तकं काढली, कलमं शोधली, दोन पानं भरून मसुदा केला. तिनं तो ऐकून घेतला आणि म्हणाली, "एवढं कशाला? उतरवताना ज्या अधिकारात नाव दिलं, त्याच अधिकारात वर नेलं, असं लिवा." मी तेवढंच लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. चौकशी केली तर विषय विचाराधीन आहे.

भाद्रपदात पुन्हा पाऊस चढला. बायको वरून संदेश यायची वाट न बघता वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. माणसं उतरली. कुणी काही विचारलं नाही. सगळी शाळेत येऊन बसल्यावर मोबाईल वाजला, तात्काळ उचित कार्यवाही करावी. पाऊस ओसरला तशी ती त्यांना पुन्हा वर सोडून आली.

नाचणी कापून झाल्यावर वाडीनं राखण दिली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. भगत दगडापुढं उभा राहून राखणदारांची नावं घेऊ लागला. डोंगराचा, पाण्याचा, वाटेचा, सीमेवरचा. आणि शेवटी त्यानं माझ्या बायकोचं नाव घेतलं, बापाच्या आणि सासऱ्याच्या नावासकट. मंडळी हसली, म्हातारीनं तिच्या पाठीवर थाप मारली. मला अभिमानानं भरून आलं, हे मी लपवत नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणाचं नाव लग्नपत्रिकेपलीकडे गेलं नव्हतं.

 ती मात्र घरी येऊन ओटीवर बसली आणि रडू लागली. मी विचारलं, काय झालं, एवढा मान दिला त्यांनी. ती म्हणाली, "मान कसला आवो. बाकीची नावं सगळी देवांची हायेत. उद्या डोंगर आला तर देवाला कोन विचारनार? मला विचारतील."

तेव्हापासून पाऊस जोर धरू लागला की ती ताटावरून उठते, ओटीच्या कडेला जाते आणि डोंगराकडे बघत उभी राहते. तिच्या कर्तव्यांत हे कुठंही लिहिलेलं नाही. मी भाकरी झाकून ठेवतो आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहतो.